बारा गावचं पाणी

मुकुंदवाडीत भाड्याने खोली बघायला गेलात, की घरमालक नाव-गाव विचारून झाल्यावर तिसरा प्रश्न टाकतो : “परमनंट की कंत्राटी?” चिकलठाणा एमआयडीसी शेजारीच. पहिल्या पाळीला निघालेल्या गर्दीत दोन्ही प्रकारची माणसं असतात, पण कंत्राटी माणसाला काही महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो आणि पुन्हा कुठल्या तरी गेटवर उभं राहावं लागतं. घरमालकाला भाड्याची काळजी असते, त्याचा प्रश्न चुकीचा नाही.

हाच प्रश्न चकी ब्राउनला विचारला असता, तर त्यालाही ‘कंत्राटी’ असंच सांगावं लागलं असतं. आणि हा गडी काम करत होता एनबीएत, म्हणजे जगातल्या सगळ्यात श्रीमंत बास्केटबॉल लीगमध्ये! उंची सहा फूट आठ इंच, 13 हंगाम, 12 संघ. बारा गावचं पाणी प्यालेला माणूस आपण म्हणतो, तो इथे मोजून सापडतो.

अशा खेळाडूला इंग्रजीत ‘जर्नीमन’ म्हणतात. ऐकताना वाटतं, सतत प्रवास करणारा म्हणून जर्नीमन. पण शब्दाच्या मुळाशी प्रवास नाहीच. फ्रेंचमधल्या ‘दिवस’ या अर्थाच्या शब्दापासून तो आला. शिकाऊपणा संपला, पण स्वतःचं दुकान काही झालं नाही, असा दिवसाच्या मजुरीवर राबणारा कारागीर म्हणजे जर्नीमन. आपल्याकडे त्याला रोजंदार म्हणतात.

एनबीएत ही रोजंदारी चक्क नियमात लिहिलेली आहे. हंगामाच्या मध्यावर, जानेवारीपासून, संघाला दहा दिवसांच्या करारावर माणूस घेता येतो. दहा दिवस किंवा तीन सामने, यातलं जे लांबेल ते. एका हंगामात एका संघाला एकाच खेळाडूला असे दोनच करार देता येतात. मग एकतर उरलेल्या हंगामासाठी ठेवा, नाहीतर सोडा. दहा दिवसांत नव्या शहरातलं हॉटेल, नवे प्रशिक्षक, नव्या चाली. चाल तीच असते, पण दर संघात तिचं नाव वेगळं. आणि खेळायला मिळतील किती मिनिटं? कधी चार, कधी शून्य.

त्या चार मिनिटांत हा माणूस करतो काय? ब्राउनसारख्या फॉरवर्डचं काम रिंगच्या आसपासचं. हुकलेला चेंडू खाली येताना आपल्या हातात पडावा म्हणून हा वर उडी मारण्याआधी खाली लढतो : पाठीने प्रतिस्पर्ध्याला रेटून बाहेर ठेवायचं, मग हात वर. बाजूने मारलेला चेंडू हुकला तर तो बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूला पडतो, हे त्याला पाठ असतं. दुसरं काम भिंत होण्याचं. आपला नेमबाज पळत येतो, त्याच्या मागच्या माणसाची वाट हा अंगाने अडवतो. टोला खातो, नेमबाजाला क्षणभर मोकळीक मिळते, टाळ्या नेमबाजाला. मला यातलं हे दुसरं काम जास्त थोर वाटतं, कारण ते गुणफलकावर कुठेच उमटत नाही.

1995च्या फेब्रुवारीत ह्यूस्टन रॉकेट्सने आपला तगडा फॉरवर्ड ओटिस थॉर्प पोर्टलंडला देऊन क्लाइड ड्रेक्सलरला आणलं. रिंगखालची जागा रिकामी पडली. दहा दिवसांच्या करारावर आलेला चकी ब्राउन तिथेच टिकला. आपल्या विभागातल्या बाद फेरीत सहाव्या क्रमांकाने शिरलेल्या ह्यूस्टनने अंतिम फेरीत ऑरलँडोला 4-0 असं धुतलं आणि दहा दिवसांचा पाहुणा विजेता ठरला.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1996 मध्ये, त्याची बदली झाली. ह्यूस्टनला चार्ल्स बार्कली हवा होता. त्याच्या बदल्यात फीनिक्सला गेले सॅम कसेल, रॉबर्ट हॉरी, मार्क ब्रायंट आणि चकी ब्राउन. एकाला चार! वेतनमर्यादा ओलांडलेल्या संघाला अदलाबदलीत दोन्हीकडच्या पगारांची तोंडमिळवणी करावीच लागते. तराजूची दांडी सरळ करायला वाणी जो खडा टाकतो, त्याला पासंग म्हणतात. जर्नीमन बरेचदा हा पासंग असतो. त्याच्या खेळाइतकंच त्याच्या पगाराचं वजन महत्त्वाचं.

या चौघांतल्या हॉरीला हा तराजू आधीच परिचयाचा होता. 1994 मध्ये ह्यूस्टनने त्याला शॉन एलियटच्या बदल्यात डेट्रॉइटला दिलंही होतं. वैद्यकीय तपासणीत एलियटच्या मूत्रपिंडाचं दुखणं निघालं, व्यवहार रद्द झाला, हॉरी ह्यूस्टनलाच राहिला आणि त्याच वर्षी संघ विजेता झाला. हॉरीने पुढे एकूण सात विजेतेपदं मिळवली. दुसऱ्याच्या मूत्रपिंडावर माणसाचं नशीब असं फिरतं!

नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत ब्राउनचा क्रमांक 1989 मध्ये 43वा होता. 12 संघांचा आणखी एक फॉरवर्ड टोनी मॅसेनबर्ग. त्याचा क्रमांक 1990 मध्ये पुन्हा 43वाच. तळाचेच लोक भटकतात असा निष्कर्ष काढाल, तर जो स्मिथ आडवा येतो. 1995 मध्ये तो सगळ्यांत पहिला निवडला गेला, आणि तोही 12 संघ फिरला. मला मोह होतो तो उलट मोजण्याचा. बाराव्या संघापर्यंत पोचलेल्या माणसाला बारा वेळा कुणीतरी बोलावलेलंही असतं. बहुतेकांची एनबीए कारकीर्द पाच वर्षांच्या आत आटोपते.

आपल्याकडे बास्केटबॉलवाल्याची वाट वेगळी. चांगला खेळाडू रेल्वेत, बँकेत, पोलिसात किंवा ओएनजीसीत लागतो. घरचे पेढे वाटतात ते त्या ऑर्डरचे. 2015 मध्ये यूबीए लीग आली, तिच्यात ‘पुणे पेशवाज’ नावाचा संघही होता, पण ती काही वर्षांतच थांबली. मराठी जर्नीमन बघायचा तर कबड्डीकडे वळावं लागतं : सांगलीकडचा काशिलिंग आडके प्रो कबड्डीत दिल्लीकडून खेळला, मग मुंबई, मग बंगळुरू. पक्क्या नोकरीतल्या पेन्शनची ओढ मात्र एनबीएतही आहे. तिथे तीन हंगामांची सेवा भरली की निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. त्यामुळे दहा दिवसांच्या करारावरचा माणूस चेंडूंबरोबर दिवसही मोजत असतो.

मॅसेनबर्गने 1991-92च्या एकाच हंगामात चार संघांची जर्सी घातली : सॅन अँटोनियो, शार्लट, बोस्टन, गोल्डन स्टेट. मग युरोप गाठला. तिथे रिंगखालचा रंगवलेला पट्टा त्या काळी आयताऐवजी समलंब चौकोनी असायचा. त्याच पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त थांबायचं नाही, म्हणजे फॉरवर्डने पाय कुठे ठेवायचा हेच नव्याने शिकायचं. रिंग तेवढी दहा फुटांवरच. 1891 मध्ये जेम्स नेस्मिथने स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेत पीचच्या टोपल्या ठोकल्या, त्या कठड्याची उंची दहा फूट होती. ती आजतागायत कुणी बदललेली नाही.

मग मॅसेनबर्ग पुन्हा एनबीएत : टोरांटो, फिलाडेल्फिया, व्हँकुव्हर, युटा आणि इतर ठिकाणं. ज्या सॅन अँटोनियोने त्याला 43व्या क्रमांकावर निवडलं आणि दुसऱ्याच हंगामात सोडलं, त्यांनीच 2004 मध्ये त्याला परत घेतलं. जून 2005 मध्ये त्यांनी डेट्रॉइटला 4-3 असं हरवलं. 37 वर्षांचा मॅसेनबर्ग पहिल्यांदा विजेता झाला, आणि त्यानंतर एनबीएत एकही सामना खेळला नाही.