पोटगीच्या कागदांचा प्रवास

अपत्याच्या पोषणाचा भार जन्मदात्यांनी वाहावा, या तत्त्वाविषयी सहसा कोणी वाद घालीत नाही. परंतु जन्मदाते विभक्त होऊन त्यांपैकी एक परक्या राज्याच्या हद्दीत जाऊन राहिला, म्हणजे हेच निर्विवाद तत्त्व अमलात आणताना शासनाच्या धीराची आणि व्यवस्थेची कसोटी लागते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कौटुंबिक कायदा मुख्यतः राज्यांच्या अखत्यारीत असल्यामुळे ही कसोटी तेथे नित्याची झाली. आणि तिला उतरण्यासाठी त्या देशाने पाऊणशे वर्षांत जी यंत्रणा टप्प्याटप्प्याने उभारली, तिचे अलीकडचे अंग म्हणजे पोटगीच्या प्रकरणांतील दस्तऐवजांची सरकारी खात्यांमधील इलेक्ट्रॉनिक देवाणघेवाण.

या यंत्रणेचा पाया कायद्याचा आहे. राज्याराज्यांतील पोटगीच्या परस्पर अंमलबजावणीचा पहिला नमुना-कायदा 1950 साली तयार झाला. 1975 च्या जानेवारीत सामाजिक सुरक्षा कायद्याला नवे प्रकरण जोडून संघ सरकारने पोटगी-वसुलीचा कार्यक्रम स्वतःच्या आश्रयाखाली घेतला. आणि 1992 साली सिद्ध झालेला सुधारित नमुना-कायदा 1998 च्या आरंभापर्यंत प्रत्येक राज्याने स्वीकारलाच पाहिजे, असे बंधन 1996 च्या संघीय कायद्याने घातले. एका मुलासाठी निरनिराळ्या न्यायालयांचे परस्परविरोधी हुकूम एकाच वेळी चालू राहण्याचा जो अनर्थ पूर्वी होत असे, त्याला या सुधारित नमुना-कायद्याने आळा घातला.

प्रत्यक्ष प्रकरण कसे चालते, ते एका उदाहरणाने पाहू. ओहायोत राहणाऱ्या एका मातेच्या बाजूने पोटगीचा हुकूम झाला आहे आणि बाप टेक्ससमध्ये आहे. तो नोकरदार असता, तर पगारातून रक्कम कापण्याचा आदेश ओहायोतून थेट त्याच्या मालकाकडे धाडता आला असता. पण तो स्वतंत्र धंदा करतो, म्हणून हुकूम टेक्ससमध्ये नोंदवून घेणे प्राप्त होते. त्यासाठी विनंतीचे ठरावीक नमुन्यातील पत्र, हुकुमाची प्रमाणित नक्कल आणि थकबाकीचे शपथपूर्वक निवेदन अशी कागदपत्रांची जुडी तयार होते. प्रत्येक राज्यात परराज्यांतील प्रकरणे स्वीकारणारे एक मध्यवर्ती दफ्तर असते. कागद हाती आल्यापासून कामाच्या दहा दिवसांत त्याने ते तपासावेत, पोहोच द्यावी आणि प्रकरण योग्य कचेरीकडे रवाना करावे. काही कागद अपुरे असल्यास मागणी आल्यापासून तीस दिवसांत पाठविणाऱ्याने ते पुरवावेत, असे संघीय नियम सांगतात.

या मुदती कागद हाती आल्यावर सुरू होतात, आणि जुन्या व्यवस्थेचे वैगुण्य नेमके येथेच होते. कागद टपालात असेपर्यंतचा काळ कोणाच्याच हिशेबी धरला जात नसे. राज्यांच्या संगणकांमध्ये सांकेतिक निरोपांची देवघेव पुष्कळ आधीपासून चालू होती खरी. पण प्रकरण दाखल झाले वा पत्ता बदलला, एवढेच त्या निरोपांतून कळे. सहीशिक्क्याचा कागद मात्र लिफाफ्यातूनच जाई. तो गहाळ झाला, एखादे पान राहून गेले, की पुन्हा मागणी, पुन्हा नक्कल आणि पुन्हा प्रतीक्षा.

नव्या व्यवस्थेत ओहायोतील कर्मचारी तीच जुडी स्कॅन करून संघीय पोर्टलवर चढवितो आणि टेक्ससचे दफ्तर ती तेथून उतरवून घेते. काही ठिकाणी तर राज्याची संगणकप्रणालीच हे काम माणसाचा हात न लागता करते. न्यायालयाची आडकाठी होऊ नये याची तरतूद 1992 च्या नमुना-कायद्याने आधीच करून ठेवली होती: परराज्यातून दूरध्वनी, फॅक्स वा तत्सम साधनांनी आलेला कागद, केवळ तो त्या मार्गाने आला या हरकतीवरून पुराव्यातून वगळता येत नाही.

वेगाबरोबर जबाबदारीही वाढते. या कागदांत मुलांची नावे, जन्मतारखा, मिळकत आणि निवासाचे पत्ते असतात. छळाला कंटाळून घर सोडलेल्या स्त्रीचा पत्ता प्रतिपक्षाच्या हाती पडला, तर पोटगीचा अर्जच तिच्या जिवावर बेतेल. म्हणून जीवित वा स्वातंत्र्य धोक्यात असल्याचे शपथेवर सांगणाऱ्या पक्षाची माहिती उघड न करण्याचे कलम कायद्यात आहे. ते पाळण्यासाठी जाणता कर्मचारीच हवा. कोणते पान कोणापुढे जाऊ नये, याचा विवेक यंत्रावर सोपवून चालणार नाही.

देशाबाहेरच्या वसुलीसाठी 2007 चा हेग करार 1 जानेवारी 2017 पासून अमेरिकेत लागू आहे, पण भारत त्यात सामील नाही. आपल्याकडचा 1921 चा पोटगी-हुकुमांच्या अंमलबजावणीचा कायदा परस्पर मान्यता दिलेल्या प्रदेशांपुरताच चालतो. पुणे-मुंबईची कितीतरी कुटुंबे अमेरिकेत स्थायिक झालेली असताना ही उणीव आपल्यालाही जाचणारी आहे.

कागद लवकर पोहोचल्याने बापाची ऐपत वाढत नाही, की त्याची दानतही सुधारत नाही. परंतु कागद वाटेत असल्याची सबब सरकारी खात्याला उरत नाही, आणि हा लाभ लहान नव्हे. वाढत्या वयातील मुलाचे एक वर्ष थकबाकीसारखे मागाहून वसूल करता येत नाही; म्हणून पोटगीच्या न्यायात वेळ हाच न्यायाचा गाभा मानला पाहिजे, आणि तो वेळ वाचविणारी व्यवस्था, दिसायला कितीही कारकुनी वाटली, तरी न्यायदानाचाच भाग समजली पाहिजे.