घरातला गरम पाण्याचा टब : शुद्धीकरणाचे यंत्र निवडताना

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांतील नव्या इमारतींत काही कुटुंबे आता गरम पाण्याचा टब बसवून घेतात. टबाची किंमत सगळेच विचारतात. पाणी कोण सांभाळणार, हे फार थोडे विचारतात. विक्रेता ‘हे यंत्र लावा, औषध टाकायची गरज नाही’ असे सांगून मोकळा होतो. हा दावा पारखून घेतला पाहिजे.

न्हाणीघरातला टब प्रत्येक वापरानंतर रिकामा होत असेल, तर यंत्रावर पैसा घालू नये. अधूनमधून त्याच्या नळ्या औषधाने धुतल्या म्हणजे पुरे. यंत्राचा प्रश्न येतो तो तेच पाणी अनेक आठवडे ठेवणाऱ्या टबासाठी.

महापालिकेचे पाणी भांडुप संकुलातून क्लोरीन घालून येते, मग पुन्हा औषध कशाला, असे काहींना वाटते. पण उष्णता, हवेचे बुडबुडे, घाम आणि अंगाचे तेल यांमुळे ते क्लोरीन लवकर संपते. कोमट पाण्यात लिजनेला नावाचे जंतू वाढतात आणि तुषारांबरोबर फुप्फुसात जातात. नेदरलँड्समध्ये 1999 साली एका पुष्पप्रदर्शनात नुसत्या शोभेसाठी चालू ठेवलेल्या टबामुळे शंभराहून अधिक लोक आजारी पडले आणि वीसहून अधिक दगावले. त्यांतील बहुतेक जण टबात उतरलेही नव्हते.

आता यंत्रांकडे वळू. ओझोन आणि अतिनील किरणांचा दिवा ही दोन्ही चांगली साधने आहेत. पण त्यांच्यातून जाणारे पाणीच ती शुद्ध करतात. टबातल्या पाण्यात त्यांचा असर शिल्लक राहत नाही. चांदीच्या कांडीचेही काम एकटीने भागत नाही. मिठापासून क्लोरीन तयार करणारे यंत्र सोयीचे आहे. मात्र बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी असेल तर त्याच्या पट्ट्यांवर क्षार चढतात, त्या साफ कराव्या लागतात आणि काही वर्षांनी बदलाव्या लागतात.

आमच्या मते घरासाठी सर्वांत कमी कटकटीची जोडी म्हणजे ओझोन आणि तरंगत्या डबीतील ब्रोमीनच्या गोळ्या. गरम पाण्यात ब्रोमीन चांगले काम देते आणि ओझोनमुळे ते कमी लागते. उन्हात ते लवकर उडते, म्हणून गच्चीवरच्या टबाला झाकण हवेच. ओझोन श्वासात जाणे बरे नाही, तेव्हा बंद खोलीत हवा खेळती ठेवावी.

एका लिटरमागे ब्रोमीन 4 ते 8 मिलिग्रॅम, किंवा क्लोरीन किमान 3 मिलिग्रॅम असावे. पीएच 7 ते 7.8 आणि तापमान 40 अंशांच्या आत. उतरण्यापूर्वी चाचणीची पट्टी बुडवून रंग पाहावा. स्वस्त म्हणून ब्लीचिंग पावडर आणू नये. मुंबईच्या दमट हवेत तिचा जोर उतरतो आणि चुन्याचा गाळ बसतो. दोन औषधे एकत्र कधीही मिसळू नयेत. त्यातून आग लागू शकते किंवा विषारी वायू निघतो.

आम्ही कापडवाले असल्याने एक गोष्ट खात्रीने सांगतो. साबण नीट न निघालेला पोशाख घालून टबात उतरले की फेस होतो आणि औषध वाया जाते. शिवाय क्लोरीन लवचिक धागा खाते. म्हणून पोशाख साध्या पाण्यात खळखळून घ्यावा, आणि आधी आंघोळ करावी.

सौदा ठरवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. बदलायचा भाग कोणता आणि केवढ्याला? तो मुंबईत मिळतो का? बिघाड झाल्यास कारागीर किती दिवसांत येईल? उत्तरे बिलावर लिहून घ्यावीत. पाणीही ठरावीक काळाने बदलावेच लागते. सुमारे 1200 लिटरचा टब चौघे रोज वापरत असतील तर साधारण 26 दिवसांनी. कमी देखभाल म्हणजे रोजची दोन मिनिटे. तेवढीही द्यायची नसतील, तर रिकामा करायचा टबच घ्यावा.