विश्लेषण : युद्धचित्रातले जहाज नेमके कोणते?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने लढाईची दृश्ये टिपण्यासाठी चित्रकारांची अधिकृत नेमणूक केली होती. त्यांपैकी एरिक रॅव्हिलियस १९४० मध्ये ‘हायलँडर’ या विनाशिकेवरून नॉर्वेकडे गेले. ‘एचएमएस ग्लोरियस इन द आर्क्टिक’ हे त्या सफरीतले जलरंगचित्र लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमकडे आहे. इथे शीर्षकातच नाव मिळते. घाईत काढलेल्या रेखाटनांवर अनेकदा तेही नसते.

मग ओळखतात कसे?

जहाजावर रंगवलेला क्रमांक लांबून दिसत नाही. शिवाय युद्धकाळात चित्रे सेन्सॉरच्या नजरेखालून जात. त्यामुळे आधी पाहायची ती बाह्याकृती : धुरांडी किती, डोलकाठ्या कुठे, तोफा कशा रचल्या आहेत. नॉर्वेच्या मोहिमेतल्या विमानवाहू नौकांत ‘ग्लोरियस’ आणि ‘आर्क रॉयल’ होत्या. दोन्हींचे एकच धुरांडे, तेही उजव्या बाजूला. फरक कळतो तो पुढच्या टोकाला. ‘ग्लोरियस’ मुळात पहिल्या महायुद्धातली तोफांची नौका, पुढे विमानवाहू केलेली. तिची वरची धावपट्टी नाळेच्या बरीच अलीकडे संपते आणि पुढे खालच्या पातळीवर दुसरा डेक दिसतो. विमानवाहू म्हणूनच बांधलेल्या ‘आर्क रॉयल’ची धावपट्टी मात्र सलग आहे.

अर्थात चित्रकार म्हणजे कॅमेरा नव्हे. दोन जहाजांतले अंतर तो चित्रासाठी कमी करतो, नको ते गाळतो. म्हणून एकाच खुणेवर विसंबता येत नाही. जहाजांच्या नोंदवह्या, दुरुस्तीच्या तारखा आणि आकाशातली विमानेही ताडून पाहावी लागतात.

तारीख इतकी महत्त्वाची का?

७ जूनच्या रात्री ‘ग्लोरियस’वर हरिकेन लढाऊ विमाने उतरली. डेकवरच्या तारेत अडकणारा आकडा त्यांना नव्हता, तरी ती सुखरूप उतरली. त्या दिवसांत तिथे सूर्य मावळत नाही. चित्रातला प्रकाश त्याच समुद्रावरचा. दुसऱ्याच दिवशी, ८ जूनला, ‘शार्नहोर्स्ट’ आणि ‘ग्नायझेनाऊ’ या जर्मन युद्धनौकांनी ‘ग्लोरियस’सह ‘आर्डेंट’ आणि ‘अकास्टा’ या विनाशिका बुडवल्या. १,५०० हून अधिक माणसे गेली. ‘ग्लोरियस’ची त्या दिवसांची नोंदवही तिच्याबरोबरच तळाला गेली. शेजारच्या जहाजावरून काढलेल्या चित्राला पुराव्याचे मोल येते ते त्यामुळे. रॅव्हिलियसही पुढे वाचले नाहीत. सप्टेंबर १९४२ मध्ये आइसलँडजवळ, एका हरवलेल्या विमानाच्या शोधात निघालेल्या विमानासह ते बेपत्ता झाले.