चारचौघांतील वागणूक

"आमचीं मुलें घरीं गुणी असतात, परंतु चारचौघांत नेलीं कीं, मान खालीं घालावयास लावतात," अशी तक्रार पुष्कळ पालक करितात. तिच्या मुळाशीं काय आहे, ह्याचा विचार मात्र क्वचितच होतो.

इराण्याच्या हॉटेलाचें उदाहरण घेऊं. टेबलें दाटीनें मांडलेलीं असतात व त्यांमधून कढत चहाचे कप घेऊन वेटरांची ये-जा चालू असते. अशा जागीं मूल धांवूं लागलें, तर त्याच्या किंवा दुसऱ्याच्या अंगावर चहा सांडण्याचें भय असतें. मुलाची कातडी मोठ्या माणसाहून पातळ असल्यामुळें तोच चटका त्यास अधिक खोल भाजतो. "जागेवर बस" ह्या नियमाचें हें कारण मुलास समजावून सांगितलें पाहिजे.

पालकांनींही एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मनास आवर घालण्याचें काम मुख्यतः कपाळामागील मेंदूचा भाग करितो, व तो पूर्ण पक्व होण्यास वयाचीं सुमारें २५ वर्षें लागतात. पांच वर्षांच्या बालकानें तासभर स्तब्ध बसावें, ही अपेक्षा अवाजवी होय. आंत शिरण्यापूर्वीं त्यास दोन गोष्टी सांगाव्या. चुळबूळ सुरू होतांच बाहेर एक फेरी मारून आणावें. लोकांदेखत थोबाडींत मारल्यानें मूल ओशाळतें, शहाणें होत नाहीं. हातीं मोबाईल दिल्यानें तें गप्प बसतें, परंतु शेजाऱ्याची जाणीव त्यास होत नाहीं.

सर्वांत मोठा धडा आपल्याच वागणुकीचा असतो. १० ऑक्टोबर २००६ पासून १४ वर्षांखालील मुलांस हॉटेलांत कामास ठेवण्याची आपल्या देशांत बंदी झाली. तत्पूर्वीं टेबल पुसणारा मुलगा पुष्कळदां खाणाऱ्या मुलाच्याच वयाचा असे. कायदा झाला, परंतु "ए पोऱ्या" ही हांक कित्येकांच्या जिभेवरून अद्याप गेली नाहीं. बाप वाढणाऱ्यास जशी हांक मारील, तशीच मुलगाही मारणार.

बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरांत गुरुजनांमध्यें बसून त्यांचें ऐकत होता व त्यांस प्रश्नही विचारीत होता, असें लूककृत शुभवर्तमानांत सांगितलें आहे. चारचौघांत मुलानें मुकें व्हावें असें नाहीं. दुसऱ्याचें भान ठेवावें, इतकेंच. विद्यार्थिमित्रहो, पुढच्या खेपेस चहा आणून ठेवणाऱ्याकडे पाहून "आभारी आहे" एवढें म्हणा. आरंभास तेवढें पुरे आहे.