मळवलीचा शिळाछाप आणि मराठी अक्षराची दृश्यरचना

१. प्रास्ताविक

मराठी साहित्याच्या अभ्यासात संहितेचा विचार जितक्या बारकाईने होतो, तितका ती संहिता वाचकासमोर ज्या रूपात येते त्या रूपाचा होत नाही. पाठभेद, प्रक्षेप, कर्तृत्व यांवर आपण पानेच्या पाने खर्च करतो; परंतु पान कसे मांडले आहे, अक्षर कोणत्या वळणाचे आहे, चित्र आणि मजकूर यांचे परस्परांशी नाते काय आहे, हे प्रश्न मुद्रकाचे समजून बाजूला ठेवतो. आज ही उपेक्षा परवडणारी नाही. महाविद्यालयीन नियतकालिके, भित्तिपत्रके, विभागांची संकेतस्थळे, संतवाङ्मयाच्या संगणकीय आवृत्त्या यांची मांडणी पुष्कळदा मराठीचे अध्यापक आणि विद्यार्थी स्वतःच करतात, आणि ती करताना संगणकाने पुढे केलेले अक्षर निमूटपणे स्वीकारतात.

ग्राफिक डिझाइन व संकेतस्थळांची रचना शिकविणारे ग्रंथ बहुधा रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असतात. मराठी रचनाकाराला आपल्या परंपरेतील एखादी कार्यशाळा अभ्यासासाठी हवी असेल, तर ती पुणे-मुंबई लोहमार्गावर, मावळ तालुक्यातील मळवली येथे होऊन गेली आहे. राजा रविवर्मा यांच्या नावाने चाललेला तेथील शिळाछापखाना कलेतिहासकारांना सुपरिचित आहे. प्रस्तुत लेखात त्याच्या कार्यपद्धतीचे विवरण करून, चित्र, अक्षर आणि वाचक यांच्या नात्याविषयी ती काय शिकविते, याचा विचार करावयाचा आहे.

२. छापखान्याची वाटचाल

रविवर्मा (१८४८-१९०६) यांची तैलचित्रे संस्थानिकांच्या राजवाड्यांत होती. ती छापून सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवावीत, ही सूचना दिवाण सर टी. माधवराव यांनी केली होती. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू झाला. यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आणण्यात आले. पहिले छापचित्र म्हणून शकुंतलाजन्माच्या चित्राचा उल्लेख केला जातो. १८९६ पासून मुंबईत प्लेगने थैमान घातले आणि १८९९ च्या सुमारास छापखाना मळवलीस आला. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्येच पूर्ण झालेला असल्याने मुंबईची बाजारपेठ येथून दूर नव्हती. अनेक छापचित्रांच्या तळाशी ‘कार्ला-लोणावळा’ असा पत्ता आढळतो, तो याच छापखान्याचा.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काही वर्षांत छापखान्याची मालकी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेली. देवदेवतांच्या चित्रांबरोबर व्यापारी लेबले, जाहिराती आणि दिनदर्शिका यांचे काम त्यानंतर वाढले. म. वि. धुरंधर (१८६७-१९४४) यांच्यासारख्या चित्रकारांनीही छापखान्यासाठी चित्रे केली. दादासाहेब फाळके यांनी काही काळ येथील छपाईशी संबंधित काम केले आणि १९०८ च्या सुमारास लोणावळ्यात स्वतःचा छापखाना काढला. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) निर्माण करणाऱ्या फाळक्यांची दृष्टी घडविणाऱ्या व्यवसायांत मावळातील हे मुद्रण होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १९७२ मध्ये लागलेल्या आगीत मळवलीचा छापखाना नष्ट झाला.

३. शिळाछापाचे तंत्र

मळवली स्थानकाच्या एका बाजूस कार्ल्याची आणि दुसऱ्या बाजूस भाज्याची लेणी आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने, हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे, असे ब्राह्मी लिपीत कोरवून ठेवले आहे. शिलालेखात दगड कोरला जातो आणि अक्षर त्या खाचेत राहते. शिळाछापात मात्र दगड कोरावयाचा नसतो. त्याचा पृष्ठभाग आरंभापासून शेवटपर्यंत सपाटच राहतो. हा फरक प्रथम स्पष्ट व्हावयास हवा.

आलोइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात शोधलेली ही पद्धती तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, या साध्या नियमावर उभी आहे. बारीक कणांच्या चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढतात. त्यावर डिंक आणि सौम्य आम्ल यांचे मिश्रण फिरविले म्हणजे रेखाटलेला भाग पक्का होतो व कोरा भाग पाणी धरून ठेवू लागतो. मग शिळा ओली करून तिच्यावर तेलकट शाईचा रूळ फिरवितात. ओल्या भागावर शाई बसत नाही, चित्राच्या रेषांवर बसते. कागद ठेवून दाब दिला की छाप उमटतो.

छाप उलटा येत असल्याने शिळेवरील चित्र आणि अक्षर दोन्ही उलटी असावी लागतात. उलटे लिहिणे कठीण, म्हणून विशिष्ट लेप दिलेल्या कागदावर सुलटे लिहून ते शिळेवर उतरवून घेण्याचीही रीत होती.

रंगीत छपाईत प्रत्येक रंगाला स्वतंत्र शिळा लागते. आधी सर्व आकारांच्या सीमारेषा दाखविणारी एक मूळ शिळा तयार होते. तिचा फिकट ठसा प्रत्येक रंगाच्या शिळेवर उतरवून घेतात आणि त्या त्या रंगाचा भाग त्या त्या शिळेवर भरतात. दहा-बारा किंवा त्याहूनही अधिक शिळांचे ठसे एकाच कागदावर एकावर एक बसले, म्हणजे चित्र पूर्ण होते. साधारणतः फिके रंग आधी आणि गडद रंग नंतर छापतात. पिवळ्यावर निळा पडला की हिरवा मिळतो, म्हणजे एक शिळा वाचते. गालावरची छटा अथवा वस्त्राची चुणी दाखविण्यासाठी कारागीर हाताने बारीक ठिपके भरतो. ते कोठे दाट, कोठे विरळ ठेवून उजेड आणि सावली साधतो. सर्व ठसे नेमके जुळावेत म्हणून कागदाच्या कडेला खुणा असतात. ओल्या हवेत कागद फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो; त्यामुळे दोन ठशांमध्ये हवामान पालटले तरी ओठांचा रंग ओठांबाहेर जाऊ शकतो. मावळासारख्या मुसळधार पावसाच्या प्रदेशात ही दक्षता किती घ्यावी लागत असेल, याची कल्पना करता येईल.

यातून रचनेचे पहिले तत्त्व हाती येते. मूळ तैलचित्रातील अगणित छटांपैकी कोणत्या राखावयाच्या आणि कोणत्या सोडावयाच्या, हा निर्णय शिळा तयार करणाऱ्या कारागिराला प्रथम घ्यावा लागे. छापचित्र हे त्या अर्थाने मूळ चित्राचे भाषांतर असते. भाषांतरकाराप्रमाणेच येथेही मूळ कृतीचे मर्म कशात आहे, हे ठरविल्याशिवाय पहिली रेषा ओढता येत नाही. संगणकावर रंगांना तोटा नाही. तथापि अल्प साधनांत काय टिकले पाहिजे, हा प्रश्न हातात मावणाऱ्या लहान पडद्यासाठी पान रचणाऱ्यालाही टाळता येत नाही.

४. आख्यान, चित्र आणि प्रेक्षक

दुसरे तत्त्व कथनाशी निगडित आहे. ‘हंस-दमयंती’ या चित्रात एक स्त्री आणि एक पक्षी आहे. एवढ्यावरून परकीय प्रेक्षकाला कथेचा उलगडा होणार नाही. रघुनाथ पंडितांचे नलदमयंतीस्वयंवराख्यान ऐकलेल्या मराठी प्रेक्षकाला मात्र हंस कोणाचा निरोप घेऊन आला आहे, हे सांगावे लागत नाही. आख्यानातील नेमका एक क्षण निवडावयाचा, त्याच्या मागचे आणि पुढचे कथानक प्रेक्षकाच्या स्मरणावर सोपवावयाचे, अशी ही योजना आहे. कीर्तन, आख्यानकविता आणि १८८० पासून ‘संगीत शाकुंतल’सारखी नाटके यांनी ते स्मरण तयार करून ठेवले होते. म्हणून या चित्रांकडे मराठी आख्यानपरंपरेच्या आस्वादाचा एक पुरावा म्हणून पाहणे साहित्याच्या अभ्यासकाला आवश्यक ठरते.

प्रेक्षकाचा सहभाग येथेच थांबत नाही. या छापचित्रांवर जरी, टिकल्या आणि कापडाचे तुकडे चिकटवून सजविलेल्या प्रती आज संग्रहांत पाहावयास मिळतात. कारखान्यातून निघालेल्या हजारो सारख्या प्रतींपैकी एक प्रत अशा रीतीने एका घराची होई. चित्र भिंतीवर, देवघरात, पूजेच्या जागी राहणार आहे, हे जाणूनच त्याचा आकार आणि विषय ठरत. वापराची जागा आधी पाहणे ही शिकवण पडद्यासाठी रचना करणाऱ्यालाही तितकीच लागू आहे.

५. खिळा, शिळा आणि संकेत

आता अक्षराकडे वळू. मराठी मुद्रणात खिळ्यांची छपाई आणि शिळाछाप या दोन्ही वाटा एकोणिसाव्या शतकात समांतर चालल्या. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत पंचांग छापले ते शिळाछापावर. पुढे त्यांनी देवनागरी खिळेही तयार केले. जावजी दादाजी (१८३९-१८९२) यांच्या निर्णयसागर छापखान्याने, १८६९ पासून, खिळ्यांच्या अक्षरांना जे सौष्ठव दिले त्याची परंपरा दीर्घकाळ टिकली.

देवनागरी खिळ्यांची अडचण लिपीच्या प्रकृतीतच आहे. रोमन अक्षरे एकापुढे एक ठेवता येतात. आपल्याकडे मात्रा आणि रफार वर जातात, उकार खाली उतरतात, व्यंजने एकमेकांना चिकटून जोडाक्षरे होतात. त्यामुळे शेकडो खिळे लागत आणि जुळाऱ्याला ते अनेक खणांतून वेचावे लागत. शिळेवर ही अडचण उरत नाही. तेथे हाताने लिहिलेले अक्षर जसेच्या तसे उतरते. वेलांटी हवी तेवढी लांबविता येते, नावाची अक्षरे चित्राच्या कमानीप्रमाणे वाकविता येतात. शिळेच्या दृष्टीने अक्षर आणि चित्र यांत भेदच नसतो. लेबलावरचे नाव आणि त्यावरील देवता एकाच हातवळणाची वाटू शकतात, त्याचे कारण हे आहे. मराठी नाटकांच्या जाहिरातींतील नामाक्षरे नाटकाच्या प्रकृतीनुसार घडविणारे कमल शेडगे (१९३५-२०२०) याच चित्राक्षरांच्या परंपरेत बसतात, असे म्हणता येईल.

मात्र या स्वातंत्र्याला एक मर्यादा आहे. शिळेवरचे अक्षर चित्र होते, त्यामुळे ते सुटे काढून दुसऱ्या शब्दात वापरता येत नाही. खिळा पुन्हा पुन्हा वापरता येतो. परंतु त्याचे रूप साच्यात बांधलेले असते. हाच पेच संकेतस्थळांच्या आरंभीच्या काळात पुन्हा उभा राहिला. तेव्हा अनेक ठिकाणी मराठी मजकूर चित्ररूपाने ठेवला जाई, किंवा विशिष्ट फाँट असल्यासच वाचता येई. डोळ्यांना तो दिसे, पण त्यातला शब्द शोधता येत नसे. युनिकोडने प्रत्येक वर्णाला ठरावीक संकेत दिला आणि वर्णाची ओळख त्याच्या रूपापासून वेगळी केली. संकेत तोच ठेवून रूप पालटण्याची मुभा मिळाली. खिळ्याची पुनर्वापरक्षमता आणि शिळेचे रूपस्वातंत्र्य यांचा मेळ प्रथमच शक्य झाला. देवनागरीचा ‘मंगल’ हा फाँट घडविणारे र. कृ. जोशी (१९३६-२००८) अक्षरांच्या दृश्यरूपाशी खेळणारे कवीही होते, हा केवळ योगायोग मानता येणार नाही.

६. मराठी वळणाचा प्रश्न

परंतु शक्यता निर्माण झाली म्हणजे ती आपोआप प्रत्यक्षात येते असे नव्हे. ‘ल’ आणि ‘श’ यांचे मराठी वळण हिंदीतील प्रचलित वळणाहून भिन्न आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेसाठी आपली वळणे निश्चित केली. दोन्ही वळणांना युनिकोडमध्ये संकेत एकच असल्याने कोणते रूप दिसावे, हे फाँट ठरवितो. काही फाँटांत दोन्ही रूपे असतात; पानाची भाषा मराठी आहे अशी नोंद त्याच्या आज्ञावलीत केली, तरच मराठी रूप समोर येते. ही नोंद एका ओळीची असते, आणि पुष्कळदा तीच राहून जाते.

दुसरे उदाहरण अर्थाशी संबंधित आहे. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतील भेद आपण व्याकरणाच्या तासाला शिकवितो. पहिल्यात गुरू आहे, दुसऱ्यात स्वयंपाकी. हा भेद एका लहानशा वक्र रेषेवर अवलंबून आहे. ती रेषा फाँटात नसेल किंवा टंकलेखकाला उमटविता आली नाही, तर शब्द बदलतो. जुन्या काव्याच्या संगणकीय आवृत्तीत असे घडले, तर पुढच्या अभ्यासकाला तो पाठभेद वाटण्याचा संभव आहे. म्हणजे अक्षराच्या रूपाचा प्रश्न अखेरीस संहितेच्या शुद्धतेचाच प्रश्न ठरतो.

७. समारोप

वरील विवेचनावरून मराठी रचनाकारासाठी तीन सूत्रे सांगता येतील. माध्यमाची मर्यादा आधी जाणून घेऊन आशयातील सार कोणते ते ठरवावे. प्रेक्षकाला काय ठाऊक आहे आणि तो ही रचना कोठे वापरणार आहे, याचा अंदाज बांधून मगच मांडणी करावी. अक्षराला चित्राइतकेच लक्ष द्यावे. मात्र त्याचे रूप घडविताना त्याची ओळख हरवू देऊ नये. पहिली दोन सूत्रे मळवलीच्या शिळांवर प्रत्यक्षात आलेली दिसतात. तिसऱ्याचा पूर्वार्ध तेथे साधला होता. उत्तरार्ध त्या तंत्राच्या आवाक्यात नव्हता, तो आज आला आहे.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात संपादन आणि मुद्रितशोधन शिकविले जाते, तेथे अक्षररूपाचा परिचयही जोडता येईल. विद्यार्थ्यांनी एकच ओवी निर्णयसागरी वळणाच्या छापील पानावर, शिळाछापाच्या पोथीत आणि संगणकाच्या पडद्यावर शेजारी शेजारी ठेवून पाहावी. ‘ल’, ‘श’, रफार आणि जोडाक्षरे यांची नोंद करावी. वाचनाचा वेग कोठे अडतो ते लिहावे. या अभ्यासाला खर्च नाही आणि विशेष यंत्रसामग्रीही लागत नाही. विभागाच्या पुढील अंकाचे मुखपृष्ठ किंवा संकेतस्थळाचे पहिले पान ठरविताना या नोंदी टेबलावर असाव्यात. म्हणजे ते पान कोणत्या अक्षरात लावावयाचे, हा निर्णय यंत्रावर न सोडता मराठीचा अभ्यासक स्वतः घेऊ शकेल.