किरणोपचारात तोंड जपावे कसे?



पाड्यावरचा रुग्ण तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगासाठी शहरातल्या रुग्णालयात जातो, तेव्हा त्याला बहुधा 6 ते 7 आठवडे, आठवड्यातले 5 दिवस किरणोपचार म्हणजे रेडिएशन घ्यावे लागते. अर्ध्या वाटेवर त्याचे तोंड येते. घास गिळवत नाही, पाणीही झोंबते. मजुरी बुडालेली, घर दूर. मग तो उपचार सोडून परत निघतो. खरा धोका इथेच आहे. मध्ये खंड पडला की उरलेल्या कर्करोगाच्या पेशींना पुन्हा वाढायला सवड मिळते.

तोंड का येते? तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेच्या पेशी सतत झडतात आणि एक-दोन आठवड्यांत त्यांच्या जागी नव्या येतात. किरणांमुळे या नव्या पेशी तयार होणे मंदावते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आतून लाली येते, मग जखमा होतात. उपचार संपल्यावर बहुतेकांच्या जखमा 2 ते 4 आठवड्यांत भरून येतात. तोंड आले म्हणजे आजार वाढला असे नव्हे, हे रुग्णाला आधीच सांगावे.

हा त्रास पूर्ण टाळता येतोच असे नाही, पण पुष्कळ कमी करता येतो.

उपचारापूर्वी: दंतवैद्याला दाखवावे. किडका दात काढायचा असेल तर किरणोपचाराच्या निदान 2 आठवडे आधी काढावा, म्हणजे जखम भरते. किरण घेतलेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर हाड लवकर भरून येत नाही. तंबाखू, मिश्री, गुटखा, विडी आणि दारू पूर्ण बंद करावी.

रोज: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ व एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा घालावा. या पाण्याने दिवसातून पाच-सहा वेळा, विशेषतः जेवणानंतर व झोपताना, चुळा भराव्यात. पाणी गिळू नये. ते रोज ताजे करावे. दात मऊ ब्रशने घासावेत. राखुंडी किंवा कोळसा वापरू नये. कवळी रात्री काढून ठेवावी. अल्कोहोल असलेले माउथवॉश टाळावे. बेंझिडामिनच्या चुळा किंवा काही केंद्रांत मिळणारा मंद लेसरचा उपचार आपल्याला चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे.

खाणे: नाचणीची पेज, मऊ वरणभात, दूध, केळे, कुस्करलेले उकडलेले अंडे असे कोमट किंवा गार, थोडे थोडे द्यावे. तिखट, आंबट, कढत व कडक पदार्थ नकोत.

ताप आला, तोंडातून रक्त आले, पांढरा थर दिसला किंवा पाणीही गिळता येईना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दुखणे सोसत बसू नये; त्यावर औषध मिळते.

आपल्या मंडळीतून कोणी अशा रुग्णाच्या भेटीला जात असेल, तर तिखट रस्सा किंवा संत्री नेऊ नका. डब्यात पेज न्या, सोबत मऊ ब्रश आणि मीठ-सोड्याच्या पुड्या द्या. चुळा कशा भरायच्या ते त्याच्या बोलीत समजावून सांगा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. त्या आधाराने तो शेवटच्या दिवसापर्यंत उपचार घेऊ शकेल.