हत्ती मोजायचा कसा?

हत्तीच्या कातडीचं क्षेत्रफळ किती? केरळ कृषी विद्यापीठाच्या के. पी. श्रीकुमार आणि जी. निर्मलन यांनी त्यासाठी चक्क सूत्र मांडलं. हत्तीची उंची आणि पुढच्या पायाच्या तळव्याचा घेर तेवढा मोजायचा, बाकीचं गणित कागदावर. अख्ख्या हत्तीला टेप गुंडाळत बसण्यापेक्षा हे केव्हाही बरं (हत्तीच्या दृष्टीनेही). शरीरातून उष्णता किती बाहेर पडते, याचा हिशेब क्षेत्रफळाशिवाय जमत नाही. या कामाला २००२ साली गणिताचं ‘इग नोबेल’ मिळालं. आधी हसवणाऱ्या, मग विचारात पाडणाऱ्या संशोधनाला हा पुरस्कार १९९१पासून दिला जातो.

हत्तीच्या आदल्या वर्षी, २००१ साली, बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेतल्या दोन डॉक्टरांचा नंबर लागला होता. किशोरवयीन मुलं सर्रास नाक कोरतात, हा त्यांचा निष्कर्ष. घरोघरच्या आयांना तो नवा नसावा!

ऑस्ट्रेलियातल्या वॉम्बॅट या प्राण्याच्या लेंड्या चौकोनी ठोकळ्यांसारख्या असतात, कारण त्याच्या आतड्याची भिंत सगळीकडे सारखी ताणत नाही. या शोधाला २०१९चं भौतिकशास्त्राचं इग नोबेल. भौतिकशास्त्रज्ञ आंद्रे गाइम यांना चुंबकाच्या जोरावर बेडूक हवेत तरंगवल्याबद्दल ते २००० साली मिळालं. दहा वर्षांनी ग्राफीनवरच्या कामासाठी खरंखुरं नोबेलही.